जुन्यांना लागू नाही

माझ्या आत्याला छापखान्यात सगळे वेलांटीबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ते ठाऊक होतं. कुठल्याही कागदावर ऱ्हस्व-दीर्घाची चूक तिला मजकूर वाचायच्या आधी दिसायची. एकवीस वर्षं ती त्या एकाच छापखान्यात प्रूफं वाचत होती. छपाईयंत्राच्या खोलीला लागून एक अरुंद खोली होती, तिथे खिडकीपाशी तिचं टेबल. टेबलावर पट्टी, दोन लाल पेनं आणि भिंग. ती पट्टी ओळीखाली धरून एकेक ओळ खाली सरकवत वाचायची, आणि घरी आलेलं विजेचं बिलसुद्धा तसंच वाचायची.

मी चार वर्षांची असताना आई गेली आणि आत्या आमच्याकडे राहायला आली ती कायमचीच. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. दोन मजल्यांच्या मध्ये अडकून पडलेल्या माणसांशी शांतपणे बोलत राहायची त्यांना इतकी सवय झाली होती की घरातही ते तसेच बोलत. बाबांना राग यायचाच नाही. त्यांच्या वाटणीचाही राग आत्याकडे आला होता, आणि तिने तो नीट सांभाळला होता.

शाळेच्या शेवटच्या वर्षी माझ्या पुढच्या शिक्षणाचं काय हा प्रश्न आला तेव्हा बाबा म्हणाले, बघू, काहीतरी होईल. आत्या म्हणाली, काहीतरी कधीच होत नाही, करावं लागतं. तिने एक वही केली. कुठली संस्था मदत देते, अर्ज कधी निघतो, कोणती कागदपत्रं लागतात, सगळं त्यात उतरवलं. छापखान्यात निरनिराळ्या संस्थांचे अहवाल छापायला यायचे, त्यांतून तिला पत्ते मिळत. मला तिने एकच गोष्ट बजावून सांगितली होती. "आपण मागायला जात नाही, अर्ज करायला जातो. मागणाऱ्याने मान खाली घालायची असते. अर्ज करणाऱ्याने फक्त तारीख चुकवायची नसते."

पहिली मुलाखत एका धर्मादाय संस्थेत झाली. लांब टेबलापलीकडे पाच जण बसले होते. त्यांनी माझे गुण पाहिले, मान डोलावली. मग त्यांच्यातल्या एकाने विचारलं की शिकून मी किती वर्षं नोकरी करणार, कारण मुली पुढे घरी बसतात आणि दिलेलं दान वाया जातं. दुसऱ्याने निकाल लागायच्या आधीच मला उठवून धनादेशाचं मोठं पुठ्ठ्याचं चित्र हातात धरायला लावलं, फोटोसाठी. मी बाहेर येऊन आत्याला हे सांगितलं आणि लगेच सांगितल्याचा पश्चात्ताप झाला. ती आत गेली. हा प्रश्न अर्जाच्या कितव्या रकान्यात आहे, एवढंच तिने त्यांना विचारलं. तो कुठल्याच रकान्यात नव्हता. तेव्हा तिने माझी प्रमाणपत्रं परत मागितली, मोजून घेतली आणि आम्ही जिना उतरलो.

त्या दिवशी मी तिच्यावर खूप चिडले. मिळत आलेली मदत तिच्या तोंडामुळे गेली, असं मी बाबांना सांगितलं. बाबांनी दोघींना चहा करून दिला. लिफ्टमधल्या माणसांना तो देता येत नाही, हे त्यांचं नेहमीचं दुःख होतं.

त्यानंतर दोन महिन्यांनी छापखान्यात एका खासगी विद्यापीठाची माहितीपुस्तिका आली. शहराच्या टोकाला नवंच उभं राहिलेलं विद्यापीठ होतं ते. काचेच्या इमारती, पुढे कारंजं. पाहुणे यायचे असले की कारंजं सुरू व्हायचं. पुस्तिकेच्या अठराव्या पानावर शिष्यवृत्तीचे नियम होते. प्रवेशपरीक्षेत पहिल्या चाळिसांत येणाऱ्यांना चारही वर्षं पूर्ण फीमाफी. अट एकच, दरवर्षी दहापैकी साडेसात सरासरी राखायची. आत्याने ते पान तपासलं, एक अनुस्वार दुरुस्त केला आणि संध्याकाळी घरी येऊन मला तो नियम शब्दन् शब्द म्हणून दाखवला.

मी परीक्षेत एकतिसावी आले. बाबा आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने हसलेले मी तेव्हा ऐकले.

शिष्यवृत्ती मिळवणं ही एक गोष्ट आणि टिकवणं ही दुसरी, हे तिथे गेल्यावर कळलं. आम्हा चाळीस जणांची वेगळी यादी असायची, वेगळी रांग असायची. फी भरणारी मुलं परीक्षेच्या आधी दोन दिवस आजारी पडू शकत. आम्ही पडत नसू. बड्या पाहुण्यांना इमारत दाखवायला आम्हालाच बोलवत, तास बुडवून. पुढे त्याच तासाची गैरहजेरी आमच्या नावावर लागे आणि ती कमी करून घ्यायला आम्हीच अर्ज लिहीत फिरायचो. शिवाय गुण द्यायची पद्धत अशी, की वरची श्रेणी वर्गातल्या दहाव्या हिश्शालाच मिळायची. सगळ्यांनी कितीही चांगला पेपर लिहिला तरी कोणीतरी खाली ढकललं जाणारच.

माझ्या शेजारी एक मुलगी बसायची. सुताराची मुलगी, हाडं मोजून घ्यावीत इतकी बारीक, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणत. प्रवेशपरीक्षेत ती चौथी आली होती. गणित ती पाटीवर पुसून पुसून सोडवावं तसं मनातल्या मनात सोडवायची आणि मग मला दोनदा समजावून सांगायची. तिच्या बॅगेला लाकडाच्या भुशाचा वास असायचा. मला अवघड जाणारे दोन विषय मी तिच्या जिवावर पार केले. यात काही वाढवून सांगितलेलं नाही.

दुसऱ्या वर्षाचं पहिलं सत्र संपलं तेव्हा माझी सरासरी आठ पूर्णांक एक होती. टाचणीची आठ पूर्णांक चार. आम्ही खूश होतो. पुढचं सत्र सुरू झालं त्याच आठवड्यात सूचनाफलकावर तेवीस क्रमांकांची यादी लागली आणि प्रत्येकाच्या हातात एक पत्र पडलं. प्रत्येक सत्रात साडेआठ सरासरी राखण्याची अट पूर्ण न केल्याने आपली शिष्यवृत्ती रद्द करण्यात येत आहे. चालू सत्राची संपूर्ण फी पंधरा दिवसांत भरावी, अन्यथा नाव कमी केलं जाईल.

मी पत्र घेऊन थेट छापखान्यात गेले. आत्याने पट्टी ठेवून ते वाचलं. मला वाटलं ती आता पेटेल. पण तिचा चेहरा उतरला.

"हे मी वाचलंय," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. आठ महिन्यांपूर्वी पुस्तिकेची नवी आवृत्ती आली होती आणि अठराव्या पानावर नियम बदलला होता. वर्षाऐवजी सत्र, साडेसातऐवजी साडेआठ. तिच्या ते लगेच लक्षात आलं. तिने समासात लाल पेनाने शंका लिहिली होती, की हा बदल आधीच्या विद्यार्थ्यांना लागू आहे का, असल्यास किंवा नसल्यास तसं स्पष्ट छापावं. प्रूफ विद्यापीठाकडे गेलं आणि दोन दिवसांनी परत आलं. जाहिरात विभागाच्या साहेबांनी शंकेखाली निळ्या शाईने लिहिलं होतं, जुन्यांना लागू नाही, फक्त नवीन प्रवेशांना. मजकूर वाढवू नये, पान बदलेल. छापावे. खाली सही आणि तारीख. आत्याने फोन करून एक ओळ तरी घाला म्हणून सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, बाई, पान चित्रासकट बसवलंय, आता हात लावू नका. तिने लावला नाही.

"मी ते सोडून दिलं," ती म्हणाली. "एका ओळीसाठी भांडायला हवं होतं. मला कंटाळा आला होता त्या दिवशी."

तिचा राग मी लहानपणापासून पाहत आले होते, पण तो स्वतःवर निघालेला पहिल्यांदाच पाहिला. ऐकवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी विद्यापीठात गेलो. शिष्यवृत्ती विभागात आधी खिडकी, खिडकीत कारकून. कारकुनाने टोकन दिलं आणि दीड तास बसवलं. मग काचेच्या दारामागच्या मॅडम. टेबलावर प्लॅस्टिकचं झाड होतं, त्याच्यावर धूळ. मॅडम गोड बोलत होत्या. त्यांनी नवी पुस्तिका उघडली, अठराव्या पानावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, छापलंय तो नियम. जुनी पुस्तिका आता रद्द झाली आहे. आत्या म्हणाली की ज्या वर्षी मुलीला प्रवेश दिला त्या वर्षीचा करार तिच्याशी झालाय. मॅडम हसल्या. करार कसला, त्या म्हणाल्या, ही तर विद्यापीठाची कृपा आहे, सवलत आहे.

"कृपा असती तर तिला नियम क्रमांक पाच, उपनियम दोन असे आकडे नसते," आत्या म्हणाली. "आणि बदललेला नियम जुन्यांना लागू नाही, असं तुमच्याच माणसाने लिहून दिलंय."

मॅडमनी विचारलं, कुठे आहे ते. कागद दाखवा.

कागद छापखान्यात होता. गिऱ्हाइकाने सही केलेली प्रूफं मालक वर्षभर जपून ठेवत. पुढे छपाईवरून वाद झाला तर चूक कुणाची ते दाखवायला. लोखंडी कपाटात, गिऱ्हाइकाप्रमाणे गठ्ठे बांधून. आम्ही तिथूनच बस पकडली.

मालक वाईट माणूस नव्हते. आत्याने उशिरा का होईना लग्न करावं म्हणून त्यांनी एकदा स्थळही आणलं होतं, आणि तिने नाही म्हटल्यावर वर्षभर त्यांना तिच्यासमोर बसायची लाज वाटत होती. पण विद्यापीठ हे त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की गिऱ्हाइकाचा कागद बाहेर जाणार नाही. हा धंद्याचा धर्म आहे. आज एकाचा दिला तर उद्या कुणी विश्वासाने काम देणार नाही.

आत्या म्हणाली, "समासातली शंका माझी आहे. ती मी विचारली, तिचं उत्तर मला मिळालंय. माझं उत्तर मी घेऊन जातेय."

तिने कपाट उघडलं, गठ्ठा सोडला, अठरावं पान काढलं. मालक दोन हातांवर उभे होते, त्यांनी तिला अडवलं नाही. यंत्रावरची माणसं हात थांबवून बघत होती. तिने कोपऱ्यातल्या झेरॉक्सवर प्रत काढली, मूळ पान परत गठ्ठ्यात घातलं, गाठ बांधली, कपाट लावलं. मालकांनी उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. ते सांगताना ते दुसरीकडे बघत होते. आत्याने मान हलवली आणि परत आपल्या टेबलाशी जाऊन बसली. आता बसू नका, निघा, असं मालक म्हणाले तेव्हा ती म्हणाली की समोर औषधाचं पत्रक आहे, त्यात दहाच्या जागी शंभर छापलंय, एवढं करून निघते. मी दारात उभी होते. तिने ते पान पुरं केलं, पट्टी पिशवीत टाकली, लाल पेनं तिथेच ठेवली. ती छापखान्याची होती.

कागद पाहिल्यावर मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी तो कुलसचिवांकडे नेला. दहा दिवसांनी मला एकटीला बोलावणं आलं. माझी गुणवत्ता आणि घरची परिस्थिती लक्षात घेऊन विशेष बाब म्हणून माझी शिष्यवृत्ती चालू ठेवायचं ठरलं होतं, जुन्या अटीवर. फक्त एका हमीपत्रावर सही करायची. ही सवलत माझ्यापुरती आहे, याविषयी मी इतर कोणत्याही विद्यार्थ्याला अथवा पालकाला काही सांगणार नाही. सही न केल्यास पंधरा दिवसांची मुदत परवा संपते, हेही त्यांनी गोड आवाजातच सांगितलं.

मी हमीपत्र घरी आणलं. बाबा म्हणाले, तुला योग्य वाटेल ते कर. आत्याने पट्टी न ठेवता ते वाचलं आणि टेबलावर पालथं ठेवलं.

"तेवीस जण आहेत," ती म्हणाली. "एकाला गप्प करायला बाकी बावीस जणांची फी वसूल करणार. चोराने घर लुटावं आणि कुत्र्याला हाड टाकावं, तसं आहे हे."

मला कुत्रं म्हटल्याचा मला इतका राग आला की मी दोन वर्षांत बोलले नव्हते ते सगळं बोलले. त्या संस्थेतली मदतही तुझ्यामुळे गेली. तुझी नोकरी तूच घालवलीस. तुला माझ्या शिक्षणाशी देणंघेणं नाही, तुला फक्त बरोबर असायचं असतं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली की शिष्यवृत्ती तुझी, सही तुझी. मी तुला अडवणार नाही.

मी सही केली. आजही मला वाटतं की तेव्हा दुसरं काही करायची माझ्यात ताकद नव्हती. ही सबब नाही, फक्त झालं ते सांगते आहे. सही करून बाहेर आले तर टाचणी जिन्यात बसली होती. तिने आधीच्याच आठवड्यात नाव काढून घेतलं होतं आणि आज ग्रंथालयाची पुस्तकं परत करायला आली होती. तिच्या वडिलांनी पत्र पाहिल्यावर एक दिवसही थांबायचं नाकारलं होतं. जेवढे दिवस जास्त बसशील तेवढी फी लागेल, असं त्यांना वाटलं होतं. तिने मला विचारलं, तुझं काय झालं? मी म्हटलं, बघतायत. ती म्हणाली, होईल तुझं. आणि गणिताची तिची वही तिने मला देऊन टाकली, आता मला काय करायची म्हणून.

आत्या माझ्याशी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी सकाळी ती बाहेर जायची साडी नेसून, पिशवी घेऊन निघाली. कुठे चाललीस म्हणून बाबांनी विचारलं. ती म्हणाली, "सही हिने केलीय. मी कुठे केलीय?"

यादी लागली त्या दिवशीच तिने सूचनाफलकावरून तेवीसच्या तेवीस क्रमांक वहीत उतरवून घेतले होते. क्रमांकांवरून नावं, नावांवरून पत्ते, हे तिने कसं शोधलं ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. माझ्याकडून तिने एक अक्षर घेतलं नाही. मी शपथेवर खरं बोलू शकेन एवढी काळजी तिने घेतली होती. नोकरी नव्हती, दिवस मोकळा होता. तीन आठवडे ती बसने फिरत होती, पिशवीत अठराव्या पानाच्या प्रती घेऊन.

सगळीकडे तिचं स्वागत झालं असं नाही. एका टॅक्सीवाल्याने तिला दारातूनच सांगितलं की आमची मुलगी कमी पडली, त्यात विद्यापीठाचा काय दोष. त्याला पटवायला तिला दोनदा जावं लागलं. एका घरी मुलाच्या आईने विचारलं, तुमच्या मुलीचं काम झालं का? आत्या म्हणाली, झालं. मग आता आमच्याकडे कशाला आलात, असं त्या बाईने विचारलं. आत्याने मला हे पुढे कधीतरी सांगितलं. म्हणाली, बाईचा प्रश्न बरोबर होता, मी आधी तुझं करून घेतलं.

एका सोमवारी सकाळी शिष्यवृत्ती विभागाच्या खिडकीसमोर सतरा पालक उभे राहिले. प्रत्येकाच्या हातात त्याच पानाची प्रत. कारकुनाने टोकन द्यायला सुरुवात केली तेव्हा त्यांच्यातल्या एका परिचारिकेने, रात्रपाळी करून थेट आली होती ती, सगळी टोकनं गोळा करून खिडकीतून आत परत ढकलली आणि म्हणाली, आमचं सगळ्यांचं काम एकच आहे, एकदमच बघा. मी समोरच्या वर्गात होते. खिडकीतून सगळं दिसत होतं. प्राध्यापकांनी मला फळ्याकडे बघायला सांगितलं.

दुपारी मला मॅडमनी बोलावलं. कुलसचिवही तिथे होते. हमीपत्र टेबलावर ठेवलेलं होतं. त्यांनी विचारलं, तू कोणाला सांगितलंस?

"मी कोणालाही सांगितलं नाही," मी म्हटलं.

ते खरं होतं. त्याच्याइतकं लाजिरवाणं वाक्य मी पुढे कधी उच्चारलं नाही.

सतरा जणांच्या शिष्यवृत्त्या त्याच महिन्यात परत मिळाल्या, आणि त्यांनी उसनवारी करून भरलेली फीही. माफीचं पत्र वगैरे नाही. तांत्रिक त्रुटीमुळे काही विद्यार्थ्यांना चुकीची सूचना गेली होती, अशी एक ओळ सूचनाफलकावर लागली. जाहिरातीच्या साहेबांची बदली दुसऱ्या विभागात झाली. खरं लिहिणारा तेवढा एकच माणूस होता तिथे, तोच हलवला. उरले पाच जण. त्यांनी पत्र मिळताच नावं काढली होती. त्यांच्याबद्दल विद्यापीठाने सांगितलं की ते स्वेच्छेने गेले, तेव्हा नियम लागू करण्याचा प्रश्नच येत नाही. परत यायचं असल्यास नवीन प्रवेश, पूर्ण फी. टाचणी त्या पाचांतली.

आम्ही दोघी तिला भेटायला गेलो. ती एका चष्म्याच्या दुकानात कामाला लागली होती. गिऱ्हाइकांना चौकटी काढून दाखवायची, आरसा धरायची. तिथे गर्दी होती, म्हणून आम्ही दुकानाबाहेर उभ्या राहिलो आणि ती जेवणाच्या सुट्टीत आली. मी तिला हमीपत्राचं सांगितलं. तिला माझा राग आला का, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. ती एवढंच म्हणाली की तू जिन्यात म्हणालीस बघतायत, तेव्हाच मला वाटलं होतं. मग आत्याने तिची माफी मागितली. टाचणीला कळेना की या बाई कशाची माफी मागतायत. एक ओळ छापायची राहिली त्याची, असं आत्या म्हणाली, आणि भर रस्त्यात तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दुःखाचं नव्हतं. तिने मुठी आवळल्या होत्या.

त्यानंतर दोन वर्षं आत्याने टाचणीसाठी विद्यापीठाला पत्रं लिहिली. एकूण अकरा. अकरांपैकी एकाला उत्तर आलं, दीड ओळीचं, त्यात तीन चुका. आत्याने त्या लाल पेनाने दुरुस्त केल्या आणि ते उत्तर परत पाठवलं. घरखर्चाला ती औषधांच्या पत्रकांची प्रूफं घरी वाचायला आणायची, पगार आधीच्या निम्माही नव्हता. बाबा रविवारीही लिफ्टच्या कामाला जाऊ लागले. त्यांनी कधी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. मला ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

मी शिष्यवृत्ती टिकवली. जुनी अट साडेसातची होती, पण पुढची पाचही सत्रं मी साडेआठच्या वर राहिले. अभ्यासाची गोडी म्हणून नव्हे. त्या लोकांना पुन्हा माझ्या नावापुढे बोट ठेवायला जागा मिळू नये म्हणून. तापात पेपर लिहिले. एकदा हजेरीसाठी पाय मुरगळलेला असताना तीन मजले चढले, कारण लिफ्ट बंद होती, आणि तेव्हा लिफ्टवाल्याची मुलगी म्हणून मला एकटीलाच हसू आलं.

शेवटच्या वर्षी नवीन शिष्यवृत्तीधारकांच्या स्वागताला दोन मिनिटं बोलायला मला सांगितलं. भाषण आधी लिहून दाखवायचं होतं. मी दाखवलं ते वेगळं होतं. माइकसमोर उभी राहिल्यावर मी समोरच्या चाळीस जणांना सांगितलं की तुम्हाला मिळालेली माहितीपुस्तिका फेकू नका, तिच्यावर आजची तारीख घालून कार्यालयाचा शिक्का घ्या. पत्र आलं तर नाव काढू नका, आधी एकमेकांना विचारा. आणि तुम्हाला एकट्याला काही द्यायला कुणी बोलावलं, तर समजा की बाकीच्यांचं काहीतरी काढून घेतलंय. मी घेतलं होतं, म्हणून सांगते. मॅडम पहिल्या रांगेत होत्या. माइक कुणी बंद केला नाही, पण टाळ्याही झाल्या नाहीत. एक मुलगा मात्र पेन काढून पुस्तिकेच्या कव्हरवर तारीख लिहीत होता.

घरी येऊन मी आत्याला हे सांगितलं. तिने ऐकलं, बरं केलंस म्हणाली, आणि पुन्हा प्रूफावर वाकली.

टाचणीने पुढे पत्रद्वारा शिकून पदवी घेतली. आमच्यापेक्षा चार वर्षांनी, नोकरी करून. आता ती एका शाळेत गणित शिकवते. लोक म्हणतात, बघा, शेवटी चांगलंच झालं की. असं कुणी आत्यासमोर म्हटलं तर ती ते खपवून घेत नाही. मागच्या महिन्यात आमच्या एका नातलगाने म्हटलं. ज्याच्या अंगी असतं तो कुठेही वर येतो, असं काहीसं तो म्हणाला. आत्या आता सत्तरीला आली आहे, ऐकू कमी येतं, पण हे तिला स्वच्छ ऐकू गेलं. तिने त्याला सांगितलं की ती पोर वर आली हे तिचं कर्तृत्व, आणि तिची चार वर्षं गेली ती त्यांची चोरी. या दोन्हीची बेरीज करून शून्य काढायचा तुला अधिकार नाही. नातलग चहा अर्धा टाकून उठला. बाबांनी त्याला दारापर्यंत सोडलं, शांतपणे बोलत, आणि परत येऊन त्याचा कप विसळून ठेवला.